भैरू खुर्चीत जेवतो

आमचा भैरू काळाकुळकुळीत लॅब्रेडॉर आहे आणि त्याला जन्मतःच मेगाइसोफेगस आहे. आपण घास गिळतो तेव्हा अन्ननलिकेचे स्नायू तो टप्प्याटप्प्याने पोटाकडे ढकलत नेतात. भैरूची अन्ननलिका फुगून सैल पडलेली आहे. ती ढकलत नाही. घास छातीतच थांबतो आणि केव्हातरी जसाच्या तसा तोंडातून खाली पडतो. त्यात कुत्रं चार पायांवर चालणारं, म्हणजे अन्ननलिका जवळपास आडवी. अन्न स्वतःच्या वजनाने खाली सरकेल, तीही सोय नाही.

यावर रामबाण औषध नाही. काही पिल्लांमध्ये वाढीच्या वयात सुधारणा दिसते, बऱ्याच जणांत दिसत नाही. भैरू दुसऱ्या गटातला. तरी तो आज तीन वर्षांचा आहे, अंगाने भरलेला आहे, आणि साताऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या मांजरांना त्याचा पुरेसा जाच आहे. कुणाच्या घरी असं पिल्लू निघालं की कुणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे फोन येतो. फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. तेव्हा औषधांचे डोस माझ्याकडे मागू नयेत.

१. आधी ती उलटी आहे का, ते बघा

पिल्लू ओकतंय म्हटलं की घरातला जो तो वैद्य होतो. कुणी ताक सांगतं, कुणी ओव्याचं पाणी, कुणी उलटी थांबवायचं इंजेक्शन. पण उलटी होण्याआधी कुत्रं अस्वस्थ होतं, लाळ गाळतं, त्याचं पोट जोरजोरात आत-बाहेर होतं, आणि बाहेर पडतं त्यात बऱ्याचदा पिवळं पित्त असतं. भैरूचं तसं काहीच नव्हतं. खेळता खेळता मान खाली जायची आणि न पचलेला, लांबट आकाराचा घास जमिनीवर पडायचा. जोर नाही, आवाज नाही, कसली पूर्वसूचना नाही. लगेच तोच घास तो परत खायला जायचा. म्हणजे अन्न पोटापर्यंत पोचतच नव्हतं. दूध तोडून पिल्लू घट्ट अन्नाला लागलं की हे दिसायला लागतं.

हा फरक तोंडी सांगून समजावणं कठीण असतं, म्हणून मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टरांनी ते बघितल्याबरोबर छातीचा एक्स-रे काढायला सांगितला, तोही भूल न देता, कारण भुलीने चांगली अन्ननलिकाही तात्पुरती सैल पडून फुगलेली दिसू शकते. साध्या एक्स-रेत नीट कळलं नाही तर बेरियम पाजून पुन्हा फोटो काढतात. बेरियम श्वासनलिकेत जाण्याचा धोका या पिल्लांना जास्त असतो, म्हणून ते अनुभवी हातांनीच पाजावं.

एक प्रश्न त्याच दिवशी विचारा: फुगवटा हृदयाच्या पुढेच आहे की मागेही आहे? काही पिल्लांमध्ये गर्भातली उजवी महाधमनीची कमान तशीच राहून जाते आणि तिच्या व एका तंतुमय बंधाच्या वेढ्यात अन्ननलिका आवळली जाते. तिथे फुगवटा हृदयाच्या पुढे असतो. तो बंध शस्त्रक्रियेने कापता येतो, आणि जितक्या लवकर कापावा तितकं बरं. म्हणजे आजाराचं चित्र तेच, पण वाट पूर्ण वेगळी. गावातल्या डॉक्टरांना खात्री वाटत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. मुंबईत परळला, शिवाय शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे ती आहेत. आपल्याकडे माणसाच्या साध्या दुखण्यालाही दोन डॉक्टरांना विचारतात, मग कुत्र्याच्या बाबतीत संकोच कशाला?

भैरूचा फुगवटा हृदयाच्या पुढेही होता आणि मागेही. शस्त्रक्रियेचा रस्ता बंद.

२. घर दिवसभर बंद राहणार असेल तर विचार करा

निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “ताई, कायमचं झोपवायचं असेल तर मी तुम्हाला दोष देणार नाही.” ते ऐकून माझी मुलगी त्यांच्यावर जाम चिडली. मला मात्र तो सल्ला तेव्हाही निर्दयी वाटला नाही. दिवसातून तीन-चार वेळा या कुत्र्याला कुणीतरी भरवायला लागतं आणि त्यानंतर त्याच्याजवळ थांबायला लागतं. नवरा-बायको सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येत असतील आणि घरात तिसरं कुणी नसेल, तर नुसत्या प्रेमावर हे पिल्लू जगत नाही. आमच्याकडे सासूबाई दिवसभर घरी असतात, म्हणून भैरू आहे. हे मी फोनवर सगळ्यांना स्पष्ट सांगते. काही जण रागावून फोन ठेवतात.

३. खुर्ची करून घ्या, आणि वाढत्या मापाची करून घ्या

अमेरिकेतल्या एका दांपत्याने आपल्या बेली नावाच्या कुत्र्यासाठी एक उभी खुर्ची बनवली. त्याच्यावरून अशा खुर्चीला जगभर बेली चेअर म्हणतात. रचना सोपी आहे. तीन बाजूंनी बंद, समोरून उघडणारी अरुंद पेटी. कुत्रं तिच्यात ढुंगणावर बसतं, पाठ मागच्या फळीला टेकते, पुढचे पाय समोरच्या फळीवर येतात. अन्ननलिका उभी झाली की जे काम स्नायू करत नाहीत ते गुरुत्वाकर्षण करतं. जेवण झाल्यावर वीस मिनिटं ते अर्धा तास त्याला तसंच बसवून ठेवायचं.

खुर्ची होईपर्यंत मी त्याला मांडीवर उभा धरून भरवत होते. पिल्लू लहान आहे तोवर हे जमतं. लॅब्रेडॉर मोठा होऊन तीस किलोच्या आसपास जातो, तेव्हा माणसाची कंबर जाते.

आमच्या घराचं सुतारकाम करणारे मिस्त्री आहेत. त्यांना मी कागदावर आकृती काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, “वहिनी, कुत्र्याला पाटावर बसवून पंगत वाढायची का आता?” पण काम त्यांनी मनावर घेतलं. माझ्या डोक्यात नव्हतं ते त्यांच्या डोक्यात आलं: पिल्लू दर महिन्याला वाढणार, मग दर महिन्याला नवी खुर्ची करायची का? त्यांनी मागची फळी सरकती ठेवली, बाजूच्या फळ्यांना भोकांची रांग पाडली आणि नट-बोल्ट लावले. पिल्लू वाढलं की बोल्ट काढून फळी एक भोक मागे. प्लायवूड उरलेलंच होतं. आतून जुनी योगाची चटई चिकटवली, म्हणजे बूड घसरत नाही आणि पुसताही येते. बुडाशी अर्धा इंच उतार दिला, तोही त्यांच्याच मनाने, “धुतली तर पाणी कुठं जाणार?” म्हणून.

सवय लावायला घाई करू नका. पहिले काही दिवस खुर्ची नुसती स्वयंपाकघरात ठेवा, त्याला हुंगू द्या, आत बसवून दोन चमचे भरवा आणि बाहेर काढा. पिल्लं लवकर शिकतात. मोठ्या कुत्र्याला नंतर हा आजार झाला तर शिकवायला फार जड जातं, असं ज्यांच्याकडे तशी कुत्री आहेत ते सांगतात.

जेवणानंतरचा अर्धा तास हीच खरी कसोटी. आम्ही गजर लावून बघितला, टीव्ही लावून बघितला. शेवटी सासूबाईंनी त्याच्यासमोर संध्याकाळचा हरिपाठ म्हणायला सुरुवात केली. त्यांचा हरिपाठ संपतो तेव्हा भैरूची वेळ भरलेली असते. सकाळी मला घाई असते, मी घड्याळच बघते.

४. घट्ट की पातळ, हे तुमचं कुत्रं सांगेल

या बाबतीत कुणाच्याही सल्ल्यावर, माझ्याही नाही, आंधळा विश्वास ठेवू नका. काही कुत्र्यांना पातळ लापशी मानवते, काहींना ती लगेच परत येते आणि अन्नाचे लहान गोळे सहज उतरतात. एक प्रकार सलग काही दिवस द्यायचा, वहीत लिहायचं, मग दुसरा. भैरूला कोरडे दाणे भिजवून, कोमट पाण्यात मिक्सरमधून काढून, पातळ पिठल्याइतकं केलेलं मानवतं. त्याच्यात उकडलेलं अंडं किंवा चिकन. एकही अख्खा दाणा राहता कामा नये. आमच्या घरात दोन मिक्सर आहेत आणि दोन्हींवर नावं आहेत.

पाणी हा त्याहून कठीण प्रश्न. लोकांना वाटतं, पाणी तर पातळ, सरळ खाली जाईल. पण नुसतं पाणी या कुत्र्यांच्या छातीत साचतं आणि तेच श्वासनलिकेत जायची भीती सगळ्यात जास्त. म्हणून आमच्या घरात पाण्याचं भांडं खाली ठेवलेलं नसतं. पाहुण्यांना हे भयंकर वाटतं. भैरूचं बरंचसं पाणी त्याच्या जेवणातूनच जातं, बाकीचं जिलेटिनमध्ये गोठवून वड्या करून, खुर्चीतच. जिलेटिनची वडी अंगाच्या उष्णतेने आत विरघळते. चायना ग्रास आम्ही वापरून पाहिलं. ते तितक्या उष्णतेला विरघळत नाही, तुकडे तसेच राहतात. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं हे सासूबाईंना कळलं त्या दिवशी फ्रीजमध्ये त्याला वेगळा डबा आणि सगळ्यात खालचा कप्पा मिळाला. वड्या मात्र दुपारच्या त्याच देतात, चिमट्याने.

पावसाळ्यात साताऱ्याच्या रस्त्यांवर जागोजागी डबकी. फिरायला जाताना जाळीची मुसकी बांधतो. लोक समजतात कुत्रं चावरं आहे. समजू देत.

५. लाडाची दुसरी रीत शोधा

या आजाराबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात औषधं असतात, खुर्चीची मापं असतात. आपल्या घरांमध्ये यातलं सगळ्यात अवघड प्रकरण वेगळंच आहे. आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे काहीतरी खायला द्यायचं. पाहुणा आला, दे चिवडा. पोर रडलं, दे बिस्किट. कुत्र्याने शेपूट हलवली, दे पोळीचा तुकडा. आणि भैरूला खुर्चीबाहेर दिलेला बोटभर तुकडा त्याला दवाखान्यात नेऊ शकतो.

घरच्यांना शिकवणं सोपं. सासूबाईंनी आयुष्यभर ताटाबाहेर चतकोर काढून ठेवला, तरी भैरूच्या बाबतीत त्यांनी हात आवरला. घरकाम करणाऱ्या मावशींनी तर फाटकावर पाटी लावायला लावली: “कुत्र्याला काही खायला घालू नये. आजारी आहे.” गल्लीतल्या पोरांना मुलीने एक्स-रेचा फोटो दाखवला. पांढऱ्या बरगड्यांच्या मधून गेलेला तो काळा, रुंद पट्टा बघून पोरं इतकी थक्क झाली की आता तीच येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवतात.

अडचण झाली ती भैरूच्या रंगाची. काळं कुत्रं! शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची, असं मानणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. अमावास्येला आणखी. पितृपक्षात पानावरचा कुत्र्याचा वाटा घेऊन येणारे वेगळे. गुरुवारी दत्ताच्या देवळातून परतताना, दत्ताजवळ कुत्री असतात म्हणून, त्याला पेढा भरवायला थांबणारे आणखी वेगळे. नावही आम्ही भैरू ठेवलेलं, म्हणजे काळभैरवाकडे बोट दाखवणारं. त्या माणसांची श्रद्धा खरी असते आणि त्यांना हटकलं की ती दुखावतात. एक शेजारच्या काकू तर मला म्हणाल्या, “मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढतेस, कुठं फेडशील?”

त्यांच्याशी आजाराच्या शास्त्राबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना म्हटलं, “काकू, पोळी घेऊन घरात या. तुमच्यासमोर मिक्सरमधून काढते, तुम्हीच खुर्चीत भरवा.” त्या आल्या. तेल कमी, पोळी अर्धीच, एवढ्या दोन अटी मी घातल्या. भरवून झाल्यावर अर्धा तास थांबायचं असतं म्हटल्यावर त्या थांबल्या, सासूबाईंशी गप्पा झाल्या, चहा झाला. आता शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे हा कार्यक्रमच असतो. गल्लीतल्या आणखी दोघी येतात. पोळी एकीचीच, पाळी ठरलेली.

मग त्याचे लाड करायचे कसे? अंग खाजवून, ब्रश करून, चेंडूने (जेवणानंतर निदान तासभर नाही), वास ओळखायच्या खेळांनी. लॅब्रेडॉर खादाड म्हणून प्रसिद्ध, त्याला शिकवायचं तर हातात खाऊ हवा असं पुस्तकात असतं. भैरू खाऊशिवाय “बस”, “थांब”, “सोड” शिकला. “सोड” सगळ्यात आधी शिकवा. रस्त्यावर पडलेलं हाडूक तोंडात गेल्यावर मुसकीची आठवण होऊन उपयोग नसतो.

६. झोपेतला श्वास मोजा

मेगाइसोफेगसची कुत्री भुकेने क्वचित जातात. परत आलेलं अन्न किंवा लाळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो, तो त्यांना नेतो. बऱ्याचदा उजवीकडचा मधला खंड धरतो. म्हणून आमच्याकडे रोजची एक मोजणी आहे: कुत्रं गाढ झोपलं असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर-खाली होते. मोठ्या निरोगी कुत्र्यात हा आकडा ३० च्या आत असतो. तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा तुम्हाला पाठ असायला हवा, कारण आजारपणात बदल बघायचा असतो. आकडा चढला, खोकला आला, नाकातून शेंबूड आला, अंग तापलं किंवा नेहमी आधी खुर्चीकडे धावणारा कोपऱ्यात पडून राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू असं नाही.

न्यूमोनिया भैरूला होऊन गेला आहे, एकदा नाही. अँटिबायोटिकबरोबर डॉक्टर सलाइनची वाफ द्यायला सांगतात. घरात मुलीच्या लहानपणचा नेब्युलायझर होता, तो कामी आला. वाफेनंतर हाताची ओंजळ करून बरगड्यांवर खालून वर हलके थोपटायचं, म्हणजे कफ सुटतो. हे डॉक्टरांकडून एकदा हात धरून शिकून घ्या. वाचून जमत नाही.

वजनही नियमित बघा. कुत्रं उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. भैरू मोठा झाल्यापासून हे काम नवऱ्याकडे आहे.

७. औषधांबद्दल थोडं, कारण त्यात फसगत होते

उलटी थांबवण्यासाठी आणि पोट हलतं ठेवण्यासाठी माणसांना मेटोक्लोप्रमाइड देतात. कुत्र्याच्या अन्ननलिकेचे स्नायू वरपासून खालपर्यंत हातापायांत असतात त्या जातीचे. त्यांच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही. उलट ते अन्ननलिकेचं खालचं दार आवळतं. आपल्या मनाने मेडिकलमधून आणून देऊ नये ते यासाठी.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. गोळी छातीत अडकून तिथेच विरघळू शकते. गोचीड तापावर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन अशी अडकली तर अन्ननलिकेला आतून जखम करू शकते. कुठलंही औषध पातळ मिळतं का विचारा, नाहीतर डॉक्टरांना विचारून कुटून अन्नातून, खुर्चीतच द्या. आणि गोचीडच होऊ नयेत हे बघा, ते जास्त स्वस्त.

तिसरं सिल्डेनाफिल. अन्ननलिकेचं खालचं दार सैल करून अन्न पोटात उतरायला ते मदत करतं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जन्मजात मेगाइसोफेगसच्या कुत्र्यांमध्ये दिसलं. सगळ्यांनाच सारखा गुण येतो असं नाही. भैरूला थोडा आला. पण हे औषध जगाला दुसऱ्याच नावाने आणि दुसऱ्याच कारणासाठी माहीत आहे. मी चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आधी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे. पेशंटचं नाव भैरू, वय चार महिने. त्याने आत जाऊन मालकांना बोलावलं. फुफ्फुसातला रक्तदाब वाढलेल्या तान्ह्या बाळांनाही हेच औषध देतात, हे मालकांना माहीत होतं, म्हणून सुटले. आता मी नवऱ्याला पाठवते. त्याला ते जास्त अवघड जातं.

नसबंदीसाठी किंवा कशासाठीही भूल द्यायची वेळ आली तर आधी आठवण करून द्या, कागदावर लिहून द्या. पोट रिकामं असलं तरी या कुत्र्याची अन्ननलिका रिकामी असेलच असं नाही.

८. पट्टा नको, हार्नेस घ्या

गळ्यावर दाब नको. रात्री मात्र गळ्याखाली उशी हवी: प्रवासात माणसं वापरतात ती गोल उशी चालते. डोकं छातीपेक्षा वर राहिलं की साचलेली लाळ झोपेत वर येत नाही. पहिली उशी भैरूने फाडली. दुसरी मांजरपाटाच्या खोळीत शिवली.

९. कधी थांबायचं ते बरे दिवस असतानाच ठरवा

कुत्रं धापा टाकत असताना, मुलगी रडत असताना, रात्री अकरा वाजता नीट निर्णय होत नाही. भैरूची तब्येत उत्तम असताना आम्ही डॉक्टरांकडे बसलो आणि तीन गोष्टी लिहून काढल्या. खाऊन-पिऊनही वजन उतरतच राहिलं तर. एक न्यूमोनिया बरा होण्याआधी दुसरा यायला लागला तर. आणि तो स्वतःहून खुर्चीकडे यायचा थांबला तर. तिन्हींपैकी दोन एकदम झाल्या तर झोपवायचं. कागदावर आम्ही तिघांनी सह्या केल्या; मुलीने पंधरा मिनिटं घेतली, पण केली.

सासूबाईंनी केली नाही. “जन्म-मरण ठरवणारे आपण कोण?” एवढंच म्हणाल्या. त्यांच्याशी यावर पुन्हा बोलणं झालेलं नाही आणि मी विषय काढणारही नाही. कागद औषधांच्या कपाटात आहे. त्यांना ठाऊक आहे.

१०. विकणाऱ्याला कळवा, आणि भावंडांचा शोध घ्या

आम्ही भैरूला आणलं तेव्हा तो जेमतेम महिन्याचा होता. सगळे तसेच आणतात, “लहान आणलं की लळा लागतो” म्हणून. श्वान प्रजनन आणि विक्रीबाबत केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे आणि प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. आठ आठवड्यांच्या अटीकडे लोक पिल्लाला आईचं दूध मिळावं म्हणून बघतात. मला त्यात दुसरा फायदा दिसतो. पिल्लू घट्ट अन्न खायला लागल्यावरच हा आजार उघड होतो. आठ आठवडे ते आईपाशी राहिलं तर तो विकणाऱ्याच्या अंगणात उघड होईल, घेणाऱ्याच्या नाही. मग त्याच जोडीची पुन्हा पिल्लं काढायची की नाही, हा विचार त्याला करावाच लागेल.

कारण हा आजार बऱ्याच जातींत घराण्यातून येतो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, लॅब्रेडॉर यांच्यात तो अधिक दिसतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनी जर्मन शेफर्डमध्ये त्याच्याशी जोडलेला एक जनुकीय बदल दाखवला. नर पिल्लांना तो माद्यांच्या जवळपास दुप्पट होतो, असंही त्यांच्या पाहणीत आलं. लॅब्रेडॉरसाठी तशी चाचणी माझ्या डॉक्टरांच्या ऐकिवात नाही, म्हणून नसबंदी आणि खरी माहिती एवढंच हातात राहतं.

मी फोन केला तेव्हा विकणारा म्हणाला, “मॅडम, हे परत आणा, दुसरं देतो.” परत नेलेल्या पिल्लाचं काय करणार, यावर तो काही बोलला नाही. मी दुसरं मागितलं नाही, त्याच वेतातली पिल्लं कुणाकुणाकडे गेली त्यांचे नंबर मागितले. बऱ्याच खनपटीला बसल्यावर दोन मिळाले. एक कराडचं घर. तिथली मादी ठणठणीत निघाली. दुसरं घर फलटणकडचं, आणि तिथला नर “सारखा ओकतो, औषध चालू आहे” असं ऐकल्यावर मी त्यांना तिथल्या तिथे चित्रण करून पाठवायला सांगितलं. मान खाली, घास बाहेर, पोट हललेलं नाही.

त्यांच्या खुर्चीचं माप मिस्त्रींनीच फोनवर घेतलं. आता ते हे काम करतात. आतापर्यंत गेलेल्या खुर्च्यांची वेगळी वही ठेवली आहे त्यांनी. मी शेजारी उभी होते. “हे बघा,” ते सांगत होते, “कुत्रं उभं असताना टेप लावू नका. माणसागत बसवा, पाठ भिंतीला टेकवा, मग ढुंगणापासून गळ्यापर्यंत घ्या. आणि त्यात चार इंच वाढवूनच सांगा. पिल्लाचा मालक कायम कमी सांगतो.”